ओपन सोर्सच्या कामाचे पैसे मागताना

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत किंवा उद्यमनगरात ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कारखान्याचा स्टॉक नि हिशेब सांभाळणारं खुल्या कोडचं सॉफ्टवेअर, बसवायचं काम मागायला गेलात की मालक विचारणारच, "सॉफ्टवेअर फुकट हाय म्हणताय, मग पैसं कशाचं?" नवी मुलं इथंच अडखळतात. काही जण तर ते फुकट मिळतं हेच लपवतात. तसं अजिबात करू नका. उद्या मालकाचा पुण्यातला भाचा येऊन खरं सांगून गेला की तुमची पत संपली.

पैसे घेणं परवान्याच्या विरुद्ध आहे, ही भीती आधी काढून टाका. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की प्रतीला कितीही किंमत लावा किंवा लावू नका, सपोर्टचे पैसेही घ्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत. ओपन सोर्स लिनक्सच्या सबस्क्रिप्शनवर उभी राहिलेली रेड हॅट कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतली.

आता पैसे कशाचे, ते फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बसल्यावर कळतं. कास्टिंग मशिनिंगला जॉब वर्कवर बाहेर जातं, त्यातलं काही रिजेक्ट होऊन परत येतं आणि पुन्हा भट्टीत पडतं. हा माल स्टॉकमध्ये कुठे दाखवायचा? स्टोअरकीपरच्या वहीत एकच पार्ट तीन नावांनी असतो: एकदा ड्रॉइंग नंबरनं, एकदा पार्टीच्या नावानं, एकदा नुसतं "मोठं हाउसिंग". त्याच्या शेजारी बसून ती नावं जुळवल्याशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. माझ्या कोटेशनमध्ये सगळ्यात मोठी रक्कम याच कामाची असते आणि त्यात मी घासाघीस करू देत नाही.

कोटेशनची पहिली ओळ मी "सॉफ्टवेअर परवाना: शून्य रुपये" अशी लिहितो. खाली डेटा, ट्रेनिंग, वर्षाची देखभाल. सर्व्हरचं भाडं गिऱ्हाइकानं थेट आपल्या नावानं भरायचं. देखभालीत बॅकअप, अपडेट आणि फोनवरची मदत येते. नवा रिपोर्ट हवा असेल तर पैसे वेगळे. हे कागदावर नसेल तर "जरा बघून सांगा की" म्हणत रात्री नऊलाही फोन येतो. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सुरुवात करू नका, ओळखीचा असला तरी.

पासवर्ड, बॅकअप आणि तुम्ही लिहिलेला कोड गिऱ्हाइकाच्या हातात द्या. तो दुसऱ्याकडे जाईल, ही धास्ती मला पटत नाही. जाता येतं म्हणूनच तर आपण त्याला हे सॉफ्टवेअर सुचवलं.

आणि काम करताना सापडलेला बग दुरुस्त केलात तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. स्वतःपुरती ठेवलीत तर दर अपडेटनंतर तीच दुरुस्ती पुन्हा बसवत बसाल, आणि त्या वेळेचं बिल कुणाला लावणार?