जळगाव-धुळ्याहून लूप इंटिग्रल्सकडे वळताना

अमळनेर, चोपडा, शहाद्याकडची मुलं एम.एस्सी.नंतर पार्टिकल फिजिक्समध्ये पीएच.डी. करायची म्हणतात, तेव्हा हटकून विचारतात, "सर, फील्ड थिअरी किती यायला हवी?" ती लागतेच. पण माझा आग्रह असा, की बी.एस्सी.ची डिफरन्शियल इक्वेशन्स आधी पक्की करा. कणांच्या टकरींचं गणित करताना येणाऱ्या मल्टिलूप फाइनमन इंटिग्रल्सचं (लूप म्हणजे फाइनमन आकृतीतलं बंद वळण) रोजचं काम बरंचसं तिथेच चालतं.

दोन-तीन लूपचं इंटिग्रल थेट सोडवायला बसलं की बहुधा हात टेकावे लागतात. म्हणून इंटिग्रेशन बाय पार्ट्सची नाती लावून हजारो इंटिग्रल्स मोजक्या पायाभूत, म्हणजे मास्टर, इंटिग्रल्सवर आणतात. मास्टर्सचं ऊर्जेनुसार किंवा वस्तुमानानुसार विकलन केलं, की उत्तर पुन्हा त्याच मास्टर्समध्ये मांडता येतं. हातात फर्स्ट ऑर्डरची लिनियर सिस्टिम येते. ही वाट कोतिकोव्ह यांनी १९९१ मध्ये दाखवली, रेमिद्दी यांनी १९९७ मध्ये पुढे नेली.

एकदा वहीत करून बघाच. वस्तुमान नसलेला, एका लूपचा बबल (दोन बिंदूंना दोन रेषांनी जोडणारी आकृती) घ्या. मिती ४ वजा २ एप्सिलॉन; इंटिग्रल अनंत होऊ नये म्हणून मिती चारपासून अशी किंचित हलवतात. एस, म्हणजे आत येणाऱ्या संवेगाचा वर्ग, त्यानुसार विकलन करून एसने गुणलं, की मिळतो तोच बबल, वजा एप्सिलॉन पट. म्हणजे उत्तर उणे एसच्या वजा एप्सिलॉनाव्या घाताच्या प्रमाणात. त्या घाताचा एप्सिलॉनमध्ये विस्तार केला की लॉगचे चढते घात एकेक करून बाहेर पडतात. त्या घाताला गुणणारा स्थिरांक मात्र समीकरण देत नाही, तो फाइनमन पॅरामीटर्सनी काढा. मोठ्या सिस्टिममध्ये कितीदा तरी 'या बिंदूवर इंटिग्रल फुटत नाही', म्हणजे अनंत होत नाही, एवढ्या माहितीवर स्थिरांक ठरतात. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

हेन यांनी २०१३ मध्ये सुचवलं, की मास्टर्स असे निवडा की समीकरणाच्या उजवीकडे एप्सिलॉन निव्वळ गुणक म्हणून बाहेर येईल. मग एप्सिलॉनच्या घातांची प्रत्येक पायरी म्हणजे आधीच्या पायरीवर आणखी एक इंटिग्रेशन, आणि पुष्कळदा पॉलिलॉगरिदम्समध्ये (लॉगच्या कुटुंबातली फलनं) उत्तर. वस्तुमान असलेल्या दोन लूपच्या सनराइझला (दोन बिंदूंना तीन रेषांनी जोडणारी आकृती) ते पुरत नाहीत, तिथे एलिप्टिक इंटिग्रल्स येतात. सुरुवात तिथून नको.

इंटिग्रल्स मास्टर्सवर आणून देणारे किरा, फायर हे प्रोग्राम नंतर चालवा. पेपर अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात, शहाद्यात बसूनही. पीएच.डी. प्रवेशासाठीच्या नेट, गेट, जेस्ट या परीक्षांचे फॉर्म वेळेत भरा. चेन्नईच्या आयएमएससीत (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) या विषयावर चांगलं काम झालंय. तिथे किंवा आणखी कुठे गाइडला मेल कराल, तेव्हा स्वतः सोडवलेला बबल सोबत जोडा.