लढाऊ विमानाचे इंजिन जमिनीवर पूर्ण शक्तीने चालवताना

इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानापुढील जागा पायी फिरून प्रत्येक खडा, वॉशर आणि तारेचा तुकडा उचलावा व स्वतःचे खिसेही रिकामे करावेत, कारण मोठ्या शक्तीवर हवा ओढणाऱ्या तोंडाखाली तयार होणारा भोवरा जमिनीवरचा खडा सहज वर खेचतो आणि तेवढ्याने आत आलेली हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती निकामी होऊ शकतात. विमानाचे नाक वाऱ्याकडे असावे. आफ्टरबर्नर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूंत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग, पेटवायचा असल्यास ब्रेक आणि चाकांखालचे ठोकळे यांवर विसंबू नये. विमान जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला बांधलेच पाहिजे.

इंजिन सुरू होताना कॉकपिटमधील तंत्रज्ञाची नजर इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर आणि बाहेर पडणाऱ्या वायूंच्या तापमानावर खिळलेली हवी. तापमान झपाट्याने चढते आहे पण फेरे अडून राहिले आहेत, असे दिसताच मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता इंधन बंद करावे. येथे क्षणाची चालढकल टर्बाइनला भोवते.

बाहेरच्यांनी कानात बोळे आणि वर कर्णकवच, असे दोन्ही वापरावे. आफ्टरबर्नर पेटताच आवाज छातीत घुमतो, बरगड्या थरथरतात आणि ज्वाळेत हिऱ्यांसारखे तेजस्वी ठिपके एका ओळीत उमटतात. ते दृश्य इतके विलक्षण असते की नवखा माणूस नकळत पुढे सरकतो, म्हणून त्याच्या खांद्यावर अनुभवी सहकाऱ्याचा हात असावा, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी इंजिन मंद गतीवर थंड होऊ द्यावे आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणीही हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ जाऊ नये.