समांतर बिल्ड अधूनमधून फुटतो? या चुका टाळा

"अरे, परत चालव, होईल." हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये हे वाक्य रोज कानावर पडायचं. आमचा बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम, 'मेक' हे टूल करतं, आणि समांतर बिल्डमध्ये ते अनेक कामं एकाच वेळी चालवतं. लॅपटॉपवर बिल्ड सुरळीत, ३२ कोअरच्या सर्व्हरवर मात्र मध्येच फुटायचा आणि परत चालवला की पास. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पहिल्या फेरीत उशिरा तयार झालेली फाइल दुसऱ्या फेरीत डिस्कवर आयती सापडते. दोष जागच्या जागी असतो.

आमची एरर होती, 'पार्सर.एच सापडत नाही'. ही हेडर फाइल बायसन (पार्सरचा कोड तयार करणारं टूल) तयार करतं. कोणत्या फाइलला आधी कोणती फाइल लागते हे मेकफाइलमध्ये लिहितात; तिथे मेन.ओ (मेन.सी कंपाइल होऊन मिळणारी फाइल) समोर फक्त मेन.सी लिहिलेलं. एका वेळी एकच काम चालतं तेव्हा मेक यादी डावीकडून उजवीकडे घेतं. आमच्या यादीत पार्सर आधी होता, म्हणून वर्षानुवर्षं निभावलं. समांतर चालवण्यासाठी '-जे' दिलं की दोन्ही कामं एकदम सुटतात. जीसीसी या कंपायलरच्या '-एमएमडी'ने अवलंबित्वं (कोणत्या फाइलला कोणती लागते ते) आपोआप नोंदली जातात खरी, पण कंपाइल झाल्यावर. कोऱ्या चेकआउटमध्ये ती नोंद नसतेच. त्यामुळे बिल्डमध्येच तयार होणाऱ्या हेडर फाइलचं नाव मेकफाइलच्या नियमात हातानेच लिहा, निदान उभ्या रेघेनंतर ('|'), म्हणजे क्रम तरी पाळला जातो.

हे सुधारूनही आमचा बिल्ड एकदा फुटला, कारण बायसन एका झटक्यात दोन फाइल काढतं. 'पार्सर.सी पार्सर.एच:' असं लिहिलं की मेक ते दोन वेगळे नियम समजतं, बायसन दोनदा सुटतं आणि कंपायलरच्या हाती अर्धवट लिहिलेली फाइल लागू शकते. मेक ४.३ पासून (२०२०) कोलनऐवजी '&:' लिहिता येतं, म्हणजे दोन्ही फाइल एकाच कामातून येतात हे मेकला कळतं. जुन्या मेकवर फाइलच्या नावात '%' वापरून पॅटर्न नियम लिहा, त्यातही दोन्ही फाइल एकाच कामाच्या धरल्या जातात. दोन नियमांनी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरली तरी असाच घोळ होतो.

मेकफाइलमधून उपफोल्डरचा बिल्ड चालवताना नुसतं 'मेक' लिहू नका, '$(मेक)' लिहा (कंसातलं नाव कॅपिटल अक्षरांत). नाहीतर 'जॉबसर्व्हर अनअव्हेलेबल' (एकूण किती कामं चालावीत हे वाटून देणारी मेकची सोय मिळत नाही) असा इशारा येतो आणि ते काम एकेरी चालतं. त्यावर काहीजण प्रत्येक फोल्डरला स्वतंत्र '-जे८' देतात. आठ फोल्डर एकदम चालले तर ६४ कामं. मेमरी संपली की लिनक्स कंपायलरलाच मारतं आणि लॉगमध्ये फक्त 'किल्ड' दिसतं.

'स्लीप' (थोडा वेळ थांबवणारी कमांड) टाकून वेळ साधणं मला अजिबात मान्य नाही. त्या मेकफाइलपुरतं समांतर काम बंद करणारं '.नॉटपॅरलल' तात्पुरतं चालेल.

दोष शोधायला मेक ४.४ (२०२२) मधला '--शफल' वापरा. तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो आणि फुटल्यावर एररसोबत एक आकडा देतो. तोच आकडा परत दिला की तोच क्रम मिळतो. सोबत '-ओ' (कॅपिटल O) द्या, म्हणजे लॉगमधल्या ओळी एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र प्रत्येक वेळी कोऱ्या फोल्डरमध्येच चालवा. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी आणखी तीन राहून गेलेली अवलंबित्वं सापडली, त्यातलं एक टेस्टच्या फोल्डरमध्ये होतं, जिथे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.