मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतील खटल्याची नोंद कशी वाचावी

१६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या प्युरिटनांनी (चर्चची आणखी शुद्धी मागणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी) बॉस्टन आणि आसपासची गावे वसवली. त्यांच्या न्यायालयाची दप्तरे उघडली की मोकाट डुकरांचा दंड, सुताराची मजुरी आणि देवाच्या कृपेविषयीचा वाद असे सगळे एकापाठोपाठ येत राहते. नवखा वाचक यातली धर्माची पाने निवडून बाकीची उलटून टाकतो, आणि तिथेच त्याची वाट चुकते. या लोकांनी खिळ्यांचा भाव आणि आत्म्याचे तारण एकाच मोजमापाने तोलले होते, त्यामुळे दप्तर सलग वाचल्याखेरीज त्यांचे भांडण उमगत नाही.

आधी तारीख पक्की करावी. त्या काळच्या इंग्रजी कालगणनेत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि महिन्यांची मूर्तिपूजक देवतांवरून आलेली नावे प्युरिटनांना खटकत असल्यामुळे ते मार्चला पहिला धरून महिन्यांना क्रमांक देत. जॉन व्हीलराइट या उपदेशकांनी उपवासाच्या दिवशी दिलेले वादग्रस्त प्रवचन आपल्या हिशेबाने १९ जानेवारी १६३७ चे. जुन्या रीतीने मात्र ते १६३६ सालच्या अकराव्या महिन्यात पडते. ‘अकरावा महिना’ म्हणजे नोव्हेंबर असे समजणाऱ्याच्या हाती घटनांचा क्रमच उलटा लागतो. म्हणून टिपण काढताना मूळ तारीख जशीच्या तशी उतरवावी आणि तिच्यापुढे आजची लिहावी.

तारखेनंतर माणसाकडे वळावे. नावाआधी ‘मिस्टर’ आहे की ‘गुडमन’, बाईच्या नावाआधी ‘मिसेस’ आहे की ‘गुडी’ (दोन्ही जोड्यांत पहिले वरच्या दर्जाचे, दुसरे सामान्यांचे), यावरून तिचा किंवा त्याचा दर्जा कळतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती व्यक्ती मंडळीची सभासद होती का. ‘चर्च’ या शब्दाचा अर्थ प्युरिटन लोक इमारत असा करीत नसत. मराठी ख्रिस्ती लिखाणातला ‘मंडळी’ हा शब्द त्यांच्या कल्पनेला तंतोतंत बसतो, कारण चर्च म्हणजे परस्परांशी करार केलेली माणसे, आणि ती जिथे जमत ते नुसते सभाघर, ज्यात क्रूस नाही, वेदी नाही आणि हिवाळ्यात शेकोटीही नाही. प्रवचनाला येणे सर्वांनाच बंधनकारक होते. सभासदत्व मात्र आपल्या अंतःकरणात देवाने काय घडवले हे मंडळीपुढे सांगून तिला पटवणाऱ्यालाच मिळे. १६३१ च्या ठरावाने मतदानाचा हक्क केवळ सभासद पुरुषांपुरता ठेवला, आणि त्यामुळे कोणाचे तारण खरे हा प्रश्न थेट सत्तेपर्यंत जाऊन भिडला.

आता प्रत्यक्ष खटला हाती घ्यावा. सुरुवातीला ॲन हचिन्सन यांचा घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण तो नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यूटाउन (आजचे केंब्रिज) येथे दोन दिवस चालला आणि त्यातली प्रश्नोत्तरे बरीच विस्ताराने उरली आहेत. हचिन्सन सुईणीचे काम जाणत होत्या. बाळंतिणीच्या उशाशी बसून बायकांशी होणारी त्यांची बोलणी वाढत गेली, आणि घरी रविवारच्या प्रवचनावर चर्चा करण्यासाठी बैठका भरू लागल्या, ज्यांना पुढे पुरुषही येऊ लागले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की माणसाचे नेमस्त वागणे हा त्याच्या तारणाचा पुरावा नव्हे. जे उपदेशक तसे सुचवतात ते ‘कृपेचा करार’ (तारण केवळ देवाच्या कृपेने) सोडून ‘कर्मांचा करार’ (तारण माणसाच्या वागण्याने) शिकवतात, असा त्याचा रोख होता, आणि तो बहुतेक उपदेशकांना जिव्हारी लागला.

ही नोंद वाचताना एकच गोष्ट धरून राहावी: आरोप नेमका काय आहे, आणि तो कधी बदलतो. खटला चालवणारे गव्हर्नर विन्थ्रॉप शांतता बिघडवल्याचा मोघम ठपका ठेवतात, तेव्हा आपल्यावर ठेवलेला आरोप आपल्याला ऐकूच येत नाही असे हचिन्सन उत्तर देतात. मग बायबलातल्या दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा पुढे येते. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ या वचनातले आईबाप म्हणजे राज्यकर्तेही, असा तिथे अर्थ लावला जातो. तिथून प्रश्न घरच्या बैठकांवर सरकतो, बैठकांवरून उपदेशकांच्या निंदेवर येतो, आणि उपदेशकांनी शपथेवर साक्ष द्यावी अशी मागणी हचिन्सन करतात तेव्हा न्यायालयाची पंचाईत झालेली दिसते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सांगतात की देवाने आपल्याला थेट साक्षात्काराने हे कळवले, आणि त्या एका वाक्यावर खटला फिरतो. आरोप बदलेल तिथे समासात खूण करीत जावी. अखेर हद्दपारी का, असे त्या विचारतात, तेव्हा न्यायालयाला कारण ठाऊक आहे आणि त्याचे समाधान झाले आहे, एवढेच उत्तर मिळते. कितीही वेळा वाचले तरी या ठिकाणी मला थांबावे लागते.

नोंद कोणी लिहिली, हेही तपासावे. या खटल्याचे एक वृत्त विन्थ्रॉप यांच्या बाजूचे असून १६४४ मध्ये छापले गेले. दुसरे, अधिक सविस्तर, ॲन हचिन्सन यांच्याच वंशातले थॉमस हचिन्सन यांनी १७६७ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

निकालानंतर लगेच दप्तर मिटू नये. त्याच महिन्यात हचिन्सन आणि व्हीलराइट यांच्या बाजूच्या पंचाहत्तर पुरुषांना बंदुका, तलवारी आणि दारूगोळा जमा करण्याचा हुकूम निघाला, आणि हे लोक एखाद्या साक्षात्काराच्या भरात इतरांवर चालून जातील अशी भीती त्यात स्पष्ट लिहिली आहे. बॉस्टनमध्ये ही हत्यारे रॉबर्ट केन या व्यापाऱ्याच्या घरी जमा करायची होती.

आता हेच नाव धरून पुढे शोधावे. १६३९ मध्ये हेच केन जादा नफा घेतल्याबद्दल न्यायालयापुढे उभे दिसतात. तक्रारींत खिळ्यांच्या भावाचीही होती. दंड दोनशे पौंड ठरला आणि नंतर ऐंशीवर आला. मग मंडळीनेही त्यांची कानउघाडणी केली, आणि बॉस्टनच्या मंडळीचे उपदेशक जॉन कॉटन यांनी व्यापारातली खोटी तत्त्वे कोणती हे प्रवचनात सांगितले, ज्यात जमेल तितक्या महाग विकावे हे एक होते. एकाच अपराधाचा न्याय दोन ठिकाणी झाला, हे इथे डोळ्यांना दिसते. पुढे याच केन यांच्याविरुद्ध एका डुकरिणीच्या मालकीवरून शर्मन नावाच्या बाईचा दावा इतका चिघळला की तोवर एकत्र बसणारे मॅजिस्ट्रेट (वसाहतीचे निवडलेले वरिष्ठ अधिकारी) आणि गावांचे प्रतिनिधी यांच्यात फूट पडली, आणि १६४४ मध्ये दोघांची सभागृहे वेगळी झाली.

अशा शोधासाठी प्रत्येक नावाची वेगळी चिठ्ठी करावी. बायका अनेकदा नवऱ्याच्या नावाआड जातात, म्हणून पती-पत्नींची चिठ्ठी एकत्र ठेवावी. डायर दांपत्याची घ्या. १६३७ च्या हत्यारे जमा करणाऱ्यांच्या यादीत विल्यम डायर आहेत. मार्च १६३८ मध्ये बॉस्टनच्या मंडळीने हचिन्सन यांना बहिष्कृत केले, तेव्हा त्यांच्यासोबत उठून बाहेर पडलेली स्त्री म्हणजे मेरी डायर. त्यानंतर हे कुटुंब शेजारच्या ऱ्होड आयलंडच्या बाजूला गेल्यामुळे बॉस्टनच्या कागदांत बरीच वर्षे रिकामी जातात. मेरी पुढे क्वेकर झाल्या, म्हणजे देव प्रत्येकाच्या अंतःकरणात थेट बोलतो असे मानणाऱ्या पंथात गेल्या. म्हणून पुढच्या नोंदी शोधताना १६५८ चा कायदा जवळ ठेवावा, ज्यात हद्दपार होऊन परत आलेल्या क्वेकरांना मृत्युदंड सांगितला होता. २७ ऑक्टोबर १६५९ ला विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हन्सन या क्वेकरांना फाशी झाली, आणि त्यांच्याबरोबर वधस्थानी नेलेल्या मेरी डायर यांना ऐनवेळी जीवदान मिळाले. त्या पुन्हा परतल्या. मे १६६० च्या अखेरीस विल्यम डायर यांनी गव्हर्नर एन्डेकॉट यांना पत्र लिहून पत्नीचा जीव मागितला. १ जून १६६० ला मेरी यांना फाशी देण्यात आली.