रात्रीचं आत्मपरीक्षण: पंधरा मिनिटं, एक वही

अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. जेवणानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. सोळाव्या शतकातले स्पॅनिश ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी पाच टप्पे घालून दिलेत: देवाचे आभार, स्वतःची पापं ओळखण्याची कृपा मागणं, दिवसाचा आढावा, क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय. आभारांचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग आठवडाभरात कंटाळतात, कारण उरते ती नुसती स्वतःची उलटतपासणी.

आढावा उठल्यापासून तासातासाने घ्या: आधी विचार, मग बोलणं, मग कृती. जे करायला हवं होतं आणि टाळलं, तेही धरा. ‘मी रागीट आहे’ असं लिहिलं की खापर स्वभावावर फुटतं आणि आपण सुटतो. ‘सकाळी नळाचं पाणी गेलं म्हणून सुनेवर ओरडलो, ती गप्प राहिली तरी थांबलो नाही’, इतकं नेमकं लिहा. त्यापुढे ‘पण तीसुद्धा...’ आलं, तर तिथून पुढचं खोडा. तिचा हिशेब तिच्याकडे.

सगळे दोष एकदम धरू नका. एकच निवडा. वहीत रोजच्या दोन ओळी आखा. दुपारी पहिल्या ओळीवर आणि रात्री दुसऱ्या ओळीवर, जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. ही पद्धतही इग्नेशियसचीच. ओळीशी ओळ, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहा. ठिपके सुरुवातीला वाढले तर घाबरू नका. बहुधा आता कुठे ते दिसायला लागलेत.

क्षमा फक्त देवाकडे मागून भागत नाही. बायबलमध्ये, मत्तय 5:23-24 इथे, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. म्हणून निश्चयात माणसाचं नाव आणि वेळ हवी: उद्या चहाच्या वेळी सुनेची माफी मागायची. ‘यापुढे प्रेमाने वागेन’ हा निश्चय नव्हे.

उलटं दुखणंही असतं: कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा उकरणं. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे खुद्द इग्नेशियस पापं नीट कबूल केली की नाही या शंकांनी इतके गांजले की जीव द्यावासा वाटू लागला. जुनी पापं धर्मगुरूंपुढे पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवल्यावर ते सुटले. तुमचं तसं होत असेल तर एकाच धर्मगुरूंकडे जा, दहा जणांना विचारू नका, आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटलं की ते पान फाडून टाका.