लहान मेंदूच्या रुग्णाचा तोल तपासण्यापूर्वी

‘सारा’ (SARA) या तोल आणि हातापायांचा ताळमेळ मोजणाऱ्या मोजपट्टीने तपासायचं असेल (आठ चाचण्या, एकूण ४० गुण, गुण जास्त म्हणजे तोल अधिक बिघडलेला), तर रुग्ण आत येण्याआधी जागा बघून घ्या. भिंतीच्या कडेने १० मीटर सरळ चालून वळता आलं पाहिजे. लादी कोरडी हवी, पायपुसणी उचलून ठेवा. पाय जमिनीला टेकणार नाहीत इतका उंच पलंग लागेल, कारण हात पुढे धरून, आधाराशिवाय १० सेकंद बसवायचं असतं. स्टॉपवॉच खिशात असू द्या. उभं राहण्याची चाचणी अनवाणी, डोळे उघडे ठेवून. लहान मेंदूच्या ज्या बाजूला इजा, मदतनीस त्याच बाजूला उभा करा. लहान मेंदूचा उजवा भाग उजव्याच हातापायाचा ताळमेळ सांभाळतो, त्यामुळे तोलही बहुधा तिकडेच जातो.

आधी ताकद आणि संवेदना तपासा. कमजोर हातही नेम चुकवतो, आणि मग गुण फुकट जातात. डोळे मिटल्यावरच झोकांड्या जात असतील तर संशय पायांच्या संवेदनेवर घ्या. फिटच्या गोळ्या चालू आहेत का, दारू घेतली आहे का, हेही विचारा. फेनिटॉइन हे फिटचं औषध रक्तात जास्त झालं तरी चाल अशीच होते.

नाक-बोट चाचणीत (रुग्णाने बोट आपल्या नाकावरून तुमच्या बोटाकडे पुन्हा पुन्हा न्यायचं) सगळ्यात जास्त गफलत होते. तुमचं बोट रुग्णाच्या पोहोचेच्या ९० टक्के अंतरावर धरा. जवळ धरलंत तर हात ताणलाच जात नाही आणि कंप लपतो. हा कंप बोट लक्ष्याजवळ येताना वाढतो, कारण हालचालीचा अंदाज आधी बांधला जात नाही, दुरुस्ती उशिरा होते आणि तीही जरुरीपेक्षा जास्त. मांडीवर तळहात उलटसुलट आपटण्याचे १० फेरे साधारण ७ सेकंदांच्या गतीने आधी स्वतः करून दाखवा. नुसतं ‘भरभर करा’ म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या गतीने करतो.

चालवून बघणं मात्र टाळू नका. इजा लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याला असेल तर झोपून केलेल्या हातापायांच्या चाचण्या स्वच्छ येतात आणि उभं केल्यावर माणूस कोसळतो. अचानक चक्कर, उलट्या सुरू झालेल्याला ‘पित्त झालंय’ म्हणून घरी धाडलं जातं ते इथेच. असा रुग्ण गुंगायला लागला किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर गुण मोजत बसू नका. लहान मेंदूची सूज मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणी तत्काळ हलवा.