रानबदकांची शिकार: कुत्र्याच्या दृष्टीने जागा कशी निवडावी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदकांची शिकार करता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन अमेरिकेत, विशेषतः आर्कान्साच्या भातखाचरांच्या आणि हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या जंगलांच्या भागात, रीतसर परवाना घेऊन शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. तेथे १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या शिकाऱ्याकडे केंद्र सरकारचा 'डक स्टॅम्प' (परवान्याबरोबर विकत घ्यावे लागणारे तिकीट) असावा लागतो, शिशाचे छर्रे १९९१ पासून चालत नाहीत आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे बसता कामा नयेत.

जागा आदल्या दिवशीच हेरावी, आणि तीही शक्यतो ज्या वेळी शिकार करायची त्याच वेळी, कारण संध्याकाळी बदके जिथे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात तिथेच ती सकाळी चरतील असे नसते. मुक्कामाच्या पाण्यावर बंदूक चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथून उठवलेली बदके तो परिसरच सोडून जातात. मॅलार्ड पाण्यात मान खाली घालून चरणारे बदक असल्याने त्याला उथळ पाणी लागते, आणि पाण्यावर तरंगणारी पिसे व ताजी विष्ठा दिसली तर जागा वापरातली आहे असे समजावे.

बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून बहुतेक जण वारा थेट पाठीवर घेऊन लपण उभारतात. पडलेले बदक शोधून आणणारा कुत्रा सोबत असेल तर मात्र वारा खांद्यावरून आडवा घेणे अधिक चांगले. वारा पाठीमागून असला की पडलेल्या पक्ष्याचा वास कुत्र्यापासून दूर जातो आणि पक्ष्याच्या पुढे गेल्याशिवाय तो कुत्र्याला लागत नाही. शिवाय जखमी बदक वाऱ्याबरोबर खुल्या पाण्याकडे वाहत जाते. आडव्या वाऱ्यात, आणि वारा जिकडे वाहतो तिकडे काठ असेल तर, तेच बदक काठाला लागते व सापडते. बदकांना भुलवण्यासाठी पाण्यावर नकली बदके मांडताना मध्ये मोकळी जागा सोडावी आणि त्यांच्या दोऱ्या कुत्र्याच्या पायांत अडकणार नाहीत अशा ठेवाव्यात.

कुत्र्याची बैठक पाण्याच्या वर, पोट कोरडे राहील अशा उंचीवर आणि बंदुकांच्या नळ्यांच्या बाजूला असावी. समोर कधीही नसावी. त्याला आकाश दिसले पाहिजे, कारण पक्षी कुठे पडला हे लॅब्राडोर स्वतः पाहून लक्षात ठेवतो. आज्ञेशिवाय तो जागेवरून उठत असेल तर त्याला अजून शिकारीवर नेऊ नये. पाण्यात गेलेला कुत्रा परत येईपर्यंत कोणीही पाण्यालगत कमी उंचीवर उडणाऱ्या पक्ष्यावर गोळी झाडू नये. जखमी पक्ष्यामागे त्याला आधी पाठवावे. मारलेले किंवा जखमी झालेले बदक शोधण्याचा रास्त प्रयत्न करणे तेथील कायद्यानेही बंधनकारक आहे. पाण्याला जोराची ओढ किंवा पातळ बर्फ असेल तर ती जागा, बदके कितीही असोत, सोडून द्यावी. थंडीत कुत्र्याला अंगाला घट्ट बसणारे निओप्रीनचे (रबरासारख्या साहित्याचे) जाकीट घालावे, आणि तो थरथरू लागला की त्या दिवसाची शिकार तिथेच थांबवून त्याला कोरडे करावे.